कॅज्युअल्टीतला पहिला अभ्यास: कोल्हापूरच्या नवख्या रेसिडेंट, नर्सिंग विद्यार्थी आणि इंटर्नसाठी

रेसिडेंट म्हणून किंवा एमएस्सी नर्सिंगसाठी कोल्हापुरात आलात, आणि गाईडनी "कॅज्युअल्टीतला एखादा विषय बघा की" एवढंच सांगून तुमची बोळवण केली असेल, तर पुढचं वाचा. इंटर्न आणि एमबीबीएसचे विद्यार्थीही वाचू शकतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे, आणि दोन महिन्यांत बसेल असा विषय शोधणाऱ्यांना कॅज्युअल्टीसारखी जागा नाही.

विषयांची इथं टंचाई नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून मशिनीत बोटं गेलेले कामगार येतात. पुणे-बेंगळुरू हायवेवरचे अपघात येतात. गळीत हंगामात रात्रीच्या अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेले दुचाकीस्वार येतात. पावसाळ्यात शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडून सर्पदंश, आणि फवारणीचं औषध प्यालेले तर बारा महिने. तरीही बहुतेक नवखे लायब्ररीतला जुना थीसिस काढतात, साल आणि गाव बदलतात आणि "अमुक विकाराच्या रुग्णांचं क्लिनिकल प्रोफाइल" असं शीर्षक देतात. डिग्री मिळते. पण त्या शंभर रुग्णांच्या वयाचे नि लिंगाचे रंगीत तक्ते काढून उद्या येणाऱ्या पेशंटचं काहीच बदलत नाही.

माझं म्हणणं असं की पहिला अभ्यास वेळेचा करा. पेशंट दारातून आत आल्यापासून अमुक उपचार मिळेपर्यंत किती मिनिटं गेली आणि ती कुठं गेली? याला अनुदान लागत नाही, औषध कंपनी लागत नाही, आणि उत्तर हातात आलं की त्याच विभागातल्या माणसांना त्यावर काहीतरी करता येतं.

वेळ किती मोलाची असते याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे 'क्रॅश-२' ही चाचणी. ४० देशांतले २०,२११ जखमी रुग्ण, भारतातलेही हजारो. रक्तस्राव होत असलेल्यांना तो रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड द्यायचं, १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढचं १ ग्रॅम आठ तासांत. २०१० साली निकाल आला: मृत्यूचं प्रमाण १६.० टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर. पण पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड केली, तेव्हा खरी गोष्ट कळली. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने कमी, तीन तासांपर्यंत थोडा कमी फायदा, आणि तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान. तेच औषध, तोच डोस. आता सांगा, तुमच्या कॅज्युअल्टीत ते कितव्या मिनिटाला जातं हे कुणी मोजलंय का?

पायरी १: आठवडाभर नुसतं उभं राहा

प्रश्न खोलीत बसून सुचत नाही. एक आठवडा वेगवेगळ्या पाळ्यांत, म्हणजे सकाळी, रात्री आणि एखाद्या रविवारी, कॅज्युअल्टीच्या दारापाशी वही घेऊन उभं राहा. कुणाच्या चुका काढायच्या नाहीत. फक्त पेशंट कुठं कुठं थांबतो ते लिहायचं. केस पेपरच्या खिडकीवर नातेवाईक किती वेळ उभा असतो? स्ट्रेचर कुठून येतं? ईसीजी मशीन कुठल्या खोलीत असतं, आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे?

यातूनच प्रश्न निघतात. सर्पदंशाच्या रुग्णाला रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी लावल्यावर ती खरोखर विसाव्या मिनिटाला बघितली जाते का? हाड मोडलेल्या पेशंटला वेदनेचं पहिलं इंजेक्शन एक्स-रेच्या आधी मिळतं की नंतर? ट्रायाजमध्ये (गांभीर्यानुसार रुग्णांच्या वर्गवारीत) पिवळ्या, म्हणजे मध्यम गंभीर गटात टाकलेला पेशंट पुन्हा कधी तपासला जातो? मी या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे: छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटचा पहिला ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघतो का? दहा मिनिटांचं हे मानक जगभर मान्य आहे, त्यामुळे तुलनेसाठी वेगळी शोधाशोध करावी लागत नाही.

प्रश्न ठरला की एका वाक्यात लिहून काढा: कोणते रुग्ण, काय मोजणार, कशाशी ताडून बघणार, किती काळ. "तीस वर्षांवरचे, मार न लागता छातीत दुखणारे, स्वतःहून किंवा १०८ मधून थेट आलेले रुग्ण; दारात आल्यापासून पहिल्या ईसीजीपर्यंतची मिनिटं; दहा मिनिटांच्या मानकाशी; तीन महिने." हे वाक्य सिस्टर इन्चार्जना वाचून दाखवा. त्यांना एका दमात समजलं नाही, तर अजून मुरायला हवं.

पायरी २: वाचा, पण आपल्या भागापासून सुरुवात करा

संशोधन म्हणजे बोस्टन-लंडनचं काम, असा एक न्यूनगंड आपल्याकडे असतो. त्यावर उतारा म्हणून महाड आणि बारामती ही दोन गावं लक्षात ठेवा.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण एकेक करून टिपले. घाम, थंड पडलेले हातपाय, हृदयावर येणारा ताण यांची निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीच्या उपयोगाबद्दल आलं. २०११ मध्ये 'बीएमजे'त प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष द्यावं की नुसतं प्राझोसिन, यावरची सत्तर रुग्णांची चाचणी आली, तीही महाडचीच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार सोडा, पण पेशंटच्या उशाशी बसून केलेली नोंद कुठपर्यंत जाते ते बघा.

बारामतीचं उदाहरण आपल्या ऊसपट्ट्याला आणखी जवळचं. कीटकनाशकाच्या विषबाधेत प्रॅलिडॉक्झिम हा उतारा थांबून थांबून द्यायचा की सलग सोडायचा? दोनशे रुग्णांची ही चाचणी २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. सलग दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, थांबून थांबून दिलेल्या गटात ८ टक्के. वाचून माणूस खूश होतो. पण इथंच थांबू नका. २००९ मध्ये श्रीलंकेतली २३५ रुग्णांची चाचणी आली, तिच्यात प्रॅलिडॉक्झिमचा फायदाच दिसला नाही, उलट मृत्यू थोडे जास्त दिसले. रुग्ण किती तासांनी आले, कुठलं कीटकनाशक प्याले, अतिदक्षतेची सोय कशी होती, या सगळ्याने निकाल हलतो. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचले की टीकात्मक वाचनाच्या चार लेक्चरइतकं शिकायला मिळतं.

असाच एक धडा सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात त्या आजाराचा. २००१ साली छापून आलेल्या एका चाचणीत अमेरिकेतल्या एकाच रुग्णालयाच्या इमर्जन्सीत २६३ रुग्णांवर ठरावीक आखणीने उपचार केले आणि मृत्यू ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. जगभर ती आखणी उचलली गेली. २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड इथल्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या आखणीत काही जास्त नाही असं निघालं. मधल्या काळात नेहमीचे उपचारच सुधारले होते. म्हणून तुमच्या एका विभागाचा निकाल कितीही देखणा आला, तरी निष्कर्षात "कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात" हे शब्द ठेवा.

वाचनाची पद्धत साधी: पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर शोधा, फुकट मिळणारे पूर्ण लेख आधी उतरवा, आणि सारांश वाचून समाधान मानू नका. आधी 'पद्धती' हा भाग वाचा, मग तक्ते, आणि लेखकाची चर्चा सगळ्यात शेवटी. संदर्भ साठवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून त्यात साठवा. पीजींना चेन्नईच्या आयसीएमआर-राष्ट्रीय साथरोग संस्थेचा बायोमेडिकल संशोधनाचा ऑनलाइन कोर्स करावाच लागतो. तो शेवटच्या महिन्यात घाईघाईत उरकण्यापेक्षा सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) लिहायच्या आधी केलात तर त्याचा उपयोग होईल.

पायरी ३: अभ्यासाची घडण

रँडमाइज्ड चाचणी (कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणारी) पहिल्याच फेरीत नको. त्यात विमा, भरपाई, नोंदणी, देखरेख असं बरंच येतं, आणि तुमच्याकडे नाइट ड्यूटीही असतेच. जे चाललंय ते मोजणारा निरीक्षणात्मक अभ्यास करा. मग एखादा छोटा बदल करून पुन्हा मोजा.

या "आधी-नंतर" प्रकारात कोल्हापुरी खड्डे आहेत, ते माहीत असू द्यात. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा ऊसतोड टोळ्या, बैलगाड्या, ट्रॅक्टर, त्यामुळे ट्रॉमाचा लोंढा. जुलै-ऑगस्टमध्ये सर्पदंश आणि पूर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हायवेच बंद पडला होता, तेव्हा कोण पोचलं आणि कोण पोचलंच नाही हा वेगळाच विषय. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. डिसेंबरमध्ये मोजलं, फेब्रुवारीत ईसीजी मशीनची जागा बदलली आणि जुलैत पुन्हा मोजलं, तर फरक मशीनमुळे पडला की हंगामामुळे हे कोण सांगणार? त्यातून वाट अशी की आधीचे आणि नंतरचे महिने सलग ठेवा, आणि नुसत्या दोन सरासऱ्या न देता आठवड्यागणिक आकडा आलेखावर मांडा. बदल ज्या आठवड्यात केला तिथं उभी रेघ मारा. रेघेनंतर आलेख खाली बसला आणि बसलेलाच राहिला, तर बोलायला जागा आहे.

आणखी एक. आपल्यावर लक्ष आहे म्हटलं की माणसं भरभर काम करतात. म्हणून पहिले दोन आठवडे सरावाचे धरा आणि त्यांचे आकडे विश्लेषणात घेऊ नका. हे मात्र सिनॉप्सिसमध्येच लिहायचं, मागाहून सोयीनं ठरवायचं नाही.

पायरी ४: किती रुग्ण?

आपल्याकडे बहुतेक प्रबंधांत चार-पी-क्यू भागिले एल-वर्ग हे सूत्र वापरतात. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून उरलेली, आणि एल म्हणजे चालेल एवढी चूक. समजा, निम्म्या रुग्णांचा ईसीजी दहा मिनिटांत निघत असावा आणि दहा टक्के चूक चालेल. ४ × ५० × ५० भागिले १० × १०, म्हणजे १०० रुग्ण. चूक पाचच टक्के हवी असेल तर तेच गणित ४०० वर जातं. आता गेल्या वर्षाचं रजिस्टर काढून असे रुग्ण महिन्याला किती येतात ते मोजा आणि त्यातले निम्मेच हाती लागतील असं धरा. कम्युनिटी मेडिसिनच्या स्टॅटिस्टिशियनकडे जायचं ते याच टप्प्यावर. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर ते फक्त हळहळू शकतात.

पायरी ५: एथिक्स कमिटी आणि संमती

इथं नवखे सगळ्यात जास्त धास्तावतात, आणि घोटाळेही इथंच होतात. नियम एकच: कमिटीचं पत्र हातात येईपर्यंत एकही फॉर्म भरायचा नाही, "पायलट" म्हणूनसुद्धा नाही.

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हा मूळ आधार. त्यात तपासणीचे तीन मार्ग आहेत: सूट, जलद आणि पूर्ण बैठकीतली. ईसीजीच्या वेळा मोजण्याचा अभ्यास कमी जोखमीचा, त्यामुळे जलद मार्गाने जाऊ शकतो. पण कुठल्या मार्गाने न्यायचा हे कमिटी ठरवते. संमतीतून सूटही कमिटीच देते, आपण गृहीत धरायची नसते. कमिटीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस आणि वैद्यकाबाहेरचा एक सामान्य नागरिकही असतो. प्रस्ताव त्या सामान्य नागरिकाला समजेल असा लिहा, बाकीच्यांना समजतोच.

उपचारात काही बदल करून बघणार असाल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया म्हणजे सीटीआरआयवर नोंदणी करा. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून तिथं पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच नोंदणी करावी लागते, मागाहून चालत नाही. नवं औषध किंवा औषधाचा नवा उपयोग असेल तर २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियम लागतात. ते पहिल्या अभ्यासाचं प्रकरण नव्हे.

आता संमती. कॅज्युअल्टीतला पेशंट वेदनेत असतो किंवा बेशुद्ध, आणि नातेवाईक घाबरलेला. अशा वेळी घेतलेल्या सहीला फारसा अर्थ नसतो. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती घेतात, आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला सगळं सांगून त्याचं स्वतःचं म्हणणं विचारायचं असतं. ही सगळी तरतूद प्रस्तावात आधीच लिहा. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना तिथं त्रयस्थ साक्षीदार लागतो. तो तुमचा को-रेसिडेंट नसावा. माहितीपत्रक मराठीत हवंच, पण निपाणी-चिकोडीकडचे पेशंटही आपल्याकडे येतात, त्यामुळे कन्नडमध्येही तयार ठेवा.

समजा, ईसीजीच्या वेळेसोबत "घरातून निघाल्यापासून इथं पोचेपर्यंत काय झालं" हेही विचारणार आहात. मग मुलाखत आली आणि संमती आली. पेशंट स्थिर झाल्यावर, नातेवाईकांना बसायला देऊन बोला. संवाद साधारण असा होतो:

"सही कशाला ओ डॉक्टर? आप्रेशन हाय काय?"

"नाही मामा. उपचार चाललेत तसेच चालणार. घरातून कधी निघालात, वाटेत कुठं दाखवलंत, एवढं विचारून लिहून घेणार. नाव कुठं छापणार नाही. नको म्हणालात तरी पेशंटच्या उपचारात काही फरक पडणार नाही."

"आणि आमास्नी काय फायदा?"

"तुम्हाला आत्ता काही नाही. पुढच्या पेशंटला उशीर कमी व्हावा म्हणून चाललंय."

"मग इचारा की."

"तुम्हाला काही नाही" हे स्पष्ट सांगायला अवघड वाटतं, पण सांगायचंच. अभ्यासात गेलं की जास्त चांगली ट्रीटमेंट मिळते, असा समज पेशंटच्या मनात राहिला तर ती संमती खोटी ठरते.

विषबाधेच्या रुग्णांबाबत आणखी जपून. त्यांतल्या अनेकांनी जिवावर उदार होऊन ते केलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरलंय, गुन्हेगार म्हणून नव्हे. सासरच्यांसमोर सुनेला "का घेतलं?" असं प्रोफॉर्म्यावरून (नोंदीच्या छापील फॉर्मवरून) विचारणं हा अभ्यास नाही. एमएलसीच्या (पोलीस केसच्या) कागदांचे मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर सरळ गुन्ह्याच्या वाटेचं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आलाय. फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक टाका, आणि नाव व क्रमांक यांची जोडयादी वेगळ्या कुलुपात ठेवा.

पायरी ६: प्रोफॉर्मा आणि घड्याळं

प्रोफॉर्मा एका पानाचा करा. दोन पानी फॉर्मची मागची बाजू रात्रपाळीत कुणी भरत नाही.

आता सगळ्यात कुरकुरीचा भाग. "शून्य मिनिट" कुठलं? केस पेपरवर छापलेली वेळ सोयीची, पण ती खिडकीवर नंबर लागल्यानंतरची असते. पेशंट त्याआधीच आत आलेला असतो. गेटवरच्या सिक्युरिटीच्या वहीत वेळ असेल तर उत्तम, नाहीतर ट्रायाजच्या सिस्टरांनी पेशंट पहिल्यांदा बघितला ती वेळ धरा. कुठलीही धरा, पण सगळ्यांसाठी तीच.

मग घड्याळं जुळवा. भिंतीवरचं, केस पेपरच्या संगणकातलं, ईसीजी मशीनमधलं आणि तुमच्या मोबाइलमधलं. चारही एकाच वेळी बघा. मशीनची बॅटरी उतरली की काही मशिनींची तारीख-वेळ मूळपदावर जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डॉक्टर पट्टीवर लहरी बघतात, कोपऱ्यातली वेळ नाही. अशा पट्ट्यांवरून हिशेब केला तर पेशंट येण्याच्या आधीच ईसीजी निघालेला दिसेल! दर सोमवारी घड्याळं तपासून फरक वहीत टिपायचं काम एका माणसाच्या नावावर लावा. आणि ईसीजीचा कागद थर्मल असतो, काही महिन्यांत पुसट होतो. नाव झाकून लगेच झेरॉक्स काढून ठेवा.

वेळ चोवीस ताशी लिहा आणि सोबत तारीख लिहा. रात्री २३:५५ ला आलेल्याचा ईसीजी ००:०७ ला निघाला आणि तारीख नसली, की एक्सेलमध्ये उत्तर उणे येतं.

पन्नासेक फॉर्म झाले की वेळांचे शेवटचे आकडे बघा. बहुतेक वेळा ०० किंवा ०५ ने संपत असतील तर समजायचं की फॉर्म नंतर आठवून भरलेत. खरी मिनिटं अशी गोल नसतात.

काही रुग्ण गडहिंग्लज किंवा चंदगडच्या रुग्णालयातून ईसीजी काढूनच येतात. त्यांना घ्यायचं की वगळायचं? दाखल होईपर्यंत श्वास थांबलेले? छातीत दुखतंय म्हणून आले पण निघालं बरगडीचं फ्रॅक्चर, ते? सगळे अपवाद आधी लिहून ठेवा. आकडे दिसल्यावर अपवाद ठरवले की हात आपोआप सोयीच्या बाजूला झुकतो.

पायरी ७: माणसं

तुम्ही चोवीस तास तिथं नसणार. फॉर्म भरला जाणार सिस्टर आणि ब्रदरांकडून, मशीन ढकलत आणणार मामा (वॉर्डबॉय), जुने कागद काढून देणार रेकॉर्ड रूममधले दादा. यांना विभागप्रमुखांच्या सहीचं परिपत्रक दाखवून काम होत नाही. पाळी बदलताना पाच मिनिटं मागून घ्या, अभ्यास कशासाठी आहे ते सांगा आणि हेही स्पष्ट करा की कुठल्या पाळीत कुणाकडून उशीर झाला हे लिहिलं जाणार नाही. ते खरोखर लिहू नका. पाळीनुसार तक्ता काढला आणि एका पाळीत दोनच सिस्टर असल्या, तर नाव न घेताही नाव घेतल्यासारखंच होतं.

सूचना त्यांच्याकडूनच येतात. "मशीन आतल्या खोलीत कशाला? ट्रायाजच्या टेबलापाशी ठेवा, इलेक्ट्रोडचा डबा वरच बांधा, मामांना शोधत फिरायला नको." असं बिनखर्चाचं एखादं वाक्य हाच बऱ्याचदा तुमच्या अभ्यासातला बदल ठरतो. ते ज्यांनी सुचवलं त्यांचं नाव वहीत टिपून ठेवा, पुढं लागतं.

पायरी ८: आकडे

वेळेच्या आकड्यांना सरासरी लावू नका. पाच रुग्णांना ४, ६, ७, ९ आणि ७४ मिनिटं लागली. सरासरी २०, म्हणजे विभाग ढिसाळ. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ७, म्हणजे विभाग ठीकठाक. दोन्ही वाक्यांत तो ७४ मिनिटंवाला पेशंट हरवतो, आणि खरा अभ्यास त्याचाच आहे. तो कोण होता? बहुधा "गॅस झालाय" म्हणत आलेली आजी, किंवा छातीत नाही तर जबड्यात दुखणारा मधुमेही. म्हणून मध्यक द्या, मधल्या पन्नास टक्क्यांची व्याप्ती द्या, दहा मिनिटांत झालेल्यांची टक्केवारी द्या, आणि सगळ्यात उशीर झालेल्या रुग्णांचे केस पेपर एकेक करून वाचा. बायकांना पुरुषांपेक्षा उशीर होतो का, हेही तपासा.

ज्यांची वेळच नोंदली गेली नाही ते किती, हे लपवू नका. ज्या रात्री कॅज्युअल्टी ओसंडून वाहत होती त्याच रात्रीचे फॉर्म कोरे असणार. ते गाळले तर निकाल आपोआप गोजिरा दिसतो. हिशेबासाठी जामोवी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पायरेटेड पॅकेजच्या मागे लागू नका. पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असेल का हे ताडणारा आकडा) ०.०५ च्या खाली आली म्हणून नाचायचं नाही नि वर गेली म्हणून रडायचंही नाही. मिनिटं किती वाचली ते आधी सांगा.

पायरी ९: लिहिणं आणि छापणं

निरीक्षणात्मक अभ्यासासाठी 'स्ट्रोब'ची २२ मुद्द्यांची यादी आहे, सुधारणा करून बघितली असेल तर 'स्क्वायर'ची. लिहायला बसतानाच ती समोर ठेवा.

लेखकांच्या नावांवरून भांडणं होतात, ती टाळायला पहिल्या महिन्यातच ठरवा. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीचे निकष चार आहेत: आखणीत, डेटा गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा गांभीर्याने सुधारणं, अंतिम प्रतीला मंजुरी, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हवेत. विभागप्रमुख आहेत एवढ्यावर नाव लागत नाही, हे त्यांना सांगणं तुमच्याच्यानं होणार नाही, मान्य. पण ज्या सिस्टरांनी तीन महिने फॉर्म भरले आणि मशीनची जागा सुचवली, त्यांना मसुदा वाचायला देऊन, त्यांचं म्हणणं घेऊन लेखक करून घेणं तुमच्या हातात आहे. निदान आभारात तरी नाव येऊ द्या, आणि तेही त्यांना विचारून.

चार दिवसांत छापून देतो, अमुक रुपये पाठवा, अशा ईमेल तुमचं पहिलं पोस्टर झालं की यायला लागतील. पबमेडवर त्या नियतकालिकाचे लेख दिसतात का बघा, संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची नावं शोधा, तिथं छापलेला एखादा लेख वाचून बघा. गाईडना दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि नियतकालिकाच्या आधी निकाल कॅज्युअल्टीत सांगा. एका पानावर आलेख, उभी रेघ, खाली तीन ओळी, मराठीत. ड्यूटी रूममध्ये लावा. सगळ्या पाळ्यांना दिसेल अशा बेताने दोनदा बैठक घ्या, चहा तुमच्याकडून. तुमची टर्म संपताना प्रोफॉर्म्याची कोरी प्रत, घड्याळांची वही आणि अपवादांची यादी पुढच्या ज्युनियरच्या हातात द्या. जोडयादी द्यायची नाही. ती गाईडकडे, कुलुपात.